ओव्हियेच्या दरबारात कोण बोलतं?

नायजर नदी समुद्राला मिळण्याआधी असंख्य फाट्यांत विखुरते. त्या त्रिभुज प्रदेशाच्या पश्चिम अंगाला उर्होबो लोक राहतात. वारी, सापेले, उघेली ही त्या भागातली नावाजलेली गावं. पाम तेल आणि रबर ही जुनी कमाई, खनिज तेल ही नवी. नायजेरियाच्या नकाशावर हा भाग आज डेल्टा राज्यात येतो आणि त्या राज्यात सर्वाधिक संख्या उर्होबोंचीच आहे. एवढ्या मोठ्या समाजाचा एखादा महाराजा असेल असं वाटतं. तसा तो कधीच नव्हता. शेजारच्या बेनिनला एक ओबा आहे, इत्सेकिरींना एक ओलू आहे, उर्होबोंना मात्र चोवीस राज्यं आणि तितक्याच गाद्या. कोणी कोणाचा मांडलिक नाही.

राजाला साधारणपणे ‘ओव्हिये’ म्हणतात, पण ओक्पे राज्यात तो ओरोजे असतो, ओलोमूमध्ये ओव्होरोदे, अग्बार्होत ओसुइव्हिये. राज्य म्हटल्यावर किल्ले, तटबंदी, फौजफाटा डोळ्यांपुढे आणायचं कारण नाही. एका मूळपुरुषाचे वंशज मानल्या जाणाऱ्या गावांचा तो समूह असतो. अग्बोन राज्यात ओक्पारा, कोकोरी, एकू, ओर्होआक्पो, इगुन आणि ओवू ही सहा मोठी गावं आहेत. प्रत्येक गावाचा स्वतःचा तोरा आहे, आणि सहाही गावांचा राजा एकच.

अशा राजाची सत्ता नेमकी कुठे असते, हे कळायला त्याच्या दिवाणखान्यात पाहुणा आल्यावर काय होतं ते बघावं.

पाहुणा आत आला की आधी अभिवादन. वडीलधाऱ्यापुढे गुडघे टेकवून किंवा निदान वाकवून ‘मिग्वो’ म्हणायचं. उत्तर येतं ‘व्रेन्दो’, म्हणजे ऊठ बाबा, पावलं. हे अभिवादन फक्त राजासाठी नाही. घरातला मुलगा बापालाही असंच करतो. मग यजमानाकडून एक ताटली येते. तिच्यात कोला फळाच्या बिया, सोबत जिनची किंवा तत्सम मद्याची बाटली आणि काही नोटा. नोटा कशाला? तर कोला गोल असतो, ताटलीत घरंगळतो, त्याला अडसर म्हणून. असं हसत सांगतात खरं, पण नोटा विसरलेलं कोणाला चालत नाही.

ही ताटली यजमान थेट पाहुण्याच्या हातात देत नाही. ती आपल्या बाजूच्या एका माणसाकडे जाते, त्याच्याकडून दुसऱ्या, वयाने किंवा नात्याने वरच्या माणसाकडे, मग पाहुण्यांच्या बाजूने जो बोलणार असेल त्याच्याकडे आणि शेवटी पाहुण्यापर्यंत. प्रत्येक हातात ती थांबते, प्रत्येक जण दोन शब्द बोलतो. मग उपस्थितांतला सर्वांत वयस्क माणूस प्रार्थना म्हणतो आणि पूर्वजांच्या नावाने जमिनीवर मद्याचे थेंब सोडतो. कोला फोडून वाटायचं काम तरुणाकडे. घाईच्या माणसाला हा सगळा वेळेचा खेळखंडोबा वाटेल. पण तेवढ्या वेळात खोलीतल्या प्रत्येकाला आपण कोणाच्या खाली, कोणाच्या वर, कोणत्या घराण्याचे आणि कोणाचे सोयरे हे पुन्हा एकदा ठाऊक झालेलं असतं. कामाचं बोलणं त्यानंतर सुरू होतं.

आणि ते बोलणंही ओव्हिये स्वतः करत नाही. औपचारिक बैठकीत त्याच्या वतीने ‘ओतोता’ बोलतो. ओतोता म्हणजे राजाचा प्रवक्ता, पण आजच्या सरकारी प्रवक्त्यासारखा हातात कागद घेऊन वाचणारा नव्हे. त्याची जीभ चालली पाहिजे, म्हणी मुखोद्गत पाहिजेत, कोणत्या घराण्याचं कोणाशी कधी वाजलं होतं ते ध्यानात पाहिजे. समोरच्याचं म्हणणं तो राजापुढे मांडतो आणि राजाचं म्हणणं समोरच्यापुढे. मला यात मोठा शहाणपणा दिसतो. राजा रागाने काही बोललाच, तर ते बाहेर पडण्याआधी एका थंड डोक्यातून जातं. शिवाय शब्द मागे घ्यायची वेळ आली तर राजाचा शब्द खाली पडत नाही.

ओतोताच्या मागे बसलेली मंडळी म्हणजे ‘एक्पाको’, वडीलधारे. उर्होबो समाजात राजापेक्षा जुनी संस्था हीच. पूर्वी बऱ्याच भागांत राजा नव्हताच. गावातला सर्वांत वृद्ध पुरुष कारभाराच्या शिरोभागी असायचा आणि देवस्थानांचे पुजारी आपापल्या जागी वजन राखून असायचे. माणसं वयोगटांत विभागलेली होती. पोरंसोरं वाटा साफ करायची, तरुण लढाईला आणि राखणीला जायचे, प्रौढ अंमलबजावणी बघायचे, वृद्ध निर्णय घ्यायचे. बायकांची वयानुसार वेगळी फळी होती आणि तिचं स्वतःचं वजन होतं, त्याकडे पुढे येऊ. वयाच्या जोडीला पैसाही चाले. ठरलेला खर्च करून, मेजवान्या घालून मानाच्या पदव्या मिळवणाऱ्यांचं वेगळं मंडळ असे. म्हणजे नुसतं म्हातारं होऊन भागत नव्हतं आणि नुसतं श्रीमंत होऊनही. ओव्हियेची गादी या जुन्या रचनेवर पुढे येऊन बसली, तिला बाजूला सारून नव्हे.

गादीवर बेनिनची छाप आहे. अनेक उर्होबो घराणी आपलं मूळ बेनिनमध्ये सांगतात आणि जुन्या काळी काही राज्यांचे ओव्हिये मान्यता घ्यायला बेनिनच्या ओबाकडे जात. तिथून परतताना राजचिन्हं मिळायची. आजही ओव्हियेच्या गळ्यात, मनगटावर आणि डोक्यावर पोवळ्यांचे सर असतात, ते बेनिनच्याच वळणाचे. कमरेला गुंडाळायचं कापड मात्र आपल्या बाजूचं. या भागात मानाच्या प्रसंगी नेसलं जाणारं ‘जॉर्ज’ हे कापड मूळचं मद्रासचं, तिथल्या फोर्ट सेंट जॉर्जवरून त्याला ते नाव पडलं. युरोपी व्यापाऱ्यांच्या जहाजांतून ते पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरलं आणि तिथल्या प्रतिष्ठितांनी ते इतकं आपलंसं केलं की लग्नात, अंत्यविधीत, राज्यारोहणात त्याच्याशिवाय पान हलत नाही.

आता राजाने ही सगळी चौकट झुगारली तर काय होतं? याचं उत्तर ओक्पे राज्याच्या इतिहासात आहे. (ओक्पे लोकांची बोली वेगळी आहे आणि त्यांच्यातले काही स्वतःला उर्होबोंपासून निराळे मानतात, चोवीस राज्यांत मात्र ओक्पेची गणना होते.) ओक्पे चार घराण्यांचे: ओर्हुए, ओर्होरो, एव्ब्रेके आणि एसेझी. राजधानी ओरेरोक्पे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात एसेझी घराण्यातला पहिला ओरोजे, एसेझी पहिला, गादीवर बसला आणि त्याने लोकांना छळायला सुरुवात केली, असं परंपरा सांगते. शेवटी प्रजेनेच कट केला. एक खड्डा खणला, वर चटई अंथरून त्यावर आसन मांडलं. राजा बसायला गेला तो थेट खाली, आणि वरून उकळतं पाणी ओतलं गेलं. तपशिलात सांगणाऱ्यागणिक फरक पडतो, पण शेवट एकच. राजाला मारून लोक ओरेरोक्पे सोडून रानोमाळ पांगले आणि नवी गावं वसवून राहिले.

खरी नवलाची गोष्ट यानंतरची. दीडशेहून अधिक वर्षं ओक्पेंनी दुसरा राजा केलाच नाही. या काळात त्यांचं काही अडलं नाही. गावोगावचे वडीलधारे कारभार बघत राहिले, भांडणं मिटत राहिली, लग्नं होत राहिली. समाजशास्त्रज्ञ ओनिगू ओतिते यांनी या राज्यावर १९७३ साली एक अख्खं पुस्तक लिहिलं, आणि ओक्पेंच्या राज्यकारभाराचा विचार करताना आजही त्याच्याकडे वळावं लागतं.

मग राजा परत आला कसा? इंग्रजांमुळे, पण आडवाटेने. १८९७ साली इंग्रजांनी बेनिन जिंकलं आणि हळूहळू सगळा मुलूख ताब्यात घेतला. त्यांना कारभारासाठी ‘तुमचा मुख्य कोण?’ या प्रश्नाचं एका नावात उत्तर हवं असे. उर्होबोंकडे ते नव्हतं. म्हणून त्यांनी इत्सेकिरी समाजातल्या डोघो या व्यापारी सरदाराला हाताशी धरलं आणि त्याचा अधिकार उर्होबोंवरही चालवला. न्यायालयात बसायला कोणाला नेमायचं, हे त्याच्या शब्दावर ठरू लागलं. उर्होबोंच्या पोटात हे कायम सलत राहिलं. १९२७ साली सरकारने थेट कर बसवला तेव्हा वारी प्रांतात दंगे उसळले, त्यामागे या रागाचाही वाटा होता. १९३१ साली वारीत काही जाणत्यांनी एक संघटना काढली, तीच पुढे ‘उर्होबो प्रोग्रेस युनियन’ म्हणून नावारूपाला आली. व्यापारी मुकोरो मोवोए यांनी तिचं नेतृत्व केलं. चोवीस राज्यांना एका छताखाली आणायचं काम कोणत्याही राजाने केलं नाही, ते या युनियनने केलं.

ओक्पेंकडे राजा परत आला तो मात्र सापेलेमुळे. सापेले हे बंदराचं गाव, लाकूड आणि रबराच्या व्यापाराने फुगलेलं. तिथल्या जमिनीचं भाडं कोणाला मिळणार, ओक्पेंना की इत्सेकिरींना, यावरून खटला उभा राहिला. इत्सेकिरींच्या बाजूने १९३६ साली पुन्हा सुरू झालेली ओलूची गादी होती. ओक्पेंकडे गावप्रमुख होते, वकील होते, गादी नव्हती. १९४०च्या दशकाच्या सुरुवातीला निकाल ओक्पेंच्या बाजूने लागला. आता त्या भाड्याची राखण सगळ्यांच्या वतीने करायला आणि सरकारदरबारी इत्सेकिरींच्या राजाच्या बरोबरीने बसायला कोणीतरी लागणार होतं. १९४५ साली जॉन मेबिताघान ओरोजे झाले आणि त्यांनी नाव घेतलं एसेझी दुसरे. ज्याला लोकांनी संपवलं त्याच्याच घराण्यातला, त्याच्याच नावाचा राजा! मला हे विस्मरण वाटत नाही. पहिल्याचं काय झालं हे दुसऱ्याला कायम आठवत राहील, अशी ती सोय असावी.

त्यानंतर गादी घराण्यांमध्ये फिरू लागली. एसेझी दुसरे १९६६ मध्ये वारले. १९७२ मध्ये ओर्होरो घराण्यातले ओर्होरो पहिले आले. २००४ मध्ये ते गेल्यावर २००६ मध्ये ओर्हुए घराण्यातले ओर्हुए पहिले. राजाच्या नावावरूनच पाळी कोणाची होती ते कळतं. सगळीकडे हीच पद्धत आहे असं नाही. काही राज्यांत बापानंतर मुलगा येतो, काही ठिकाणी वय निर्णायक ठरतं. ओलोमूचे ओव्होरोदे ओगोनी-ओघोरो पहिले वयाची शंभरी ओलांडूनही गादीवर होते.

फिरती गादी कागदावर न्याय्य दिसते, पण खरी कुस्ती घराण्याच्या आत होते. पाळी आलेल्या घराण्यात शाखा अनेक असतात आणि प्रत्येक शाखेकडे एक लायक उमेदवार असतो. घराण्याने नाव सुचवायचं, राजा निवडण्याचा मान असलेल्या मंडळींनी ते मान्य करायचं, मग ते सरकारकडे जातं. राज्यपाल म्हणजे तिथला निवडून आलेला राज्यप्रमुख. त्याच्या हस्ते नव्या राजाला अधिकारदंड आणि प्रमाणपत्र दिलं जातं. विधी सगळे झाले, पोवळी गळ्यात पडली, लोकांनी मिग्वो घातलं, तरी हा दंड हातात येईपर्यंत सरकारच्या दृष्टीने राजा हा राजा नाही. हरलेली शाखा बहुधा कोर्टात जाते आणि खटले वर्षानुवर्षं रेंगाळतात.

गादीवर येणारी माणसं आता कोण असतात, तेही बघण्यासारखं आहे. ओक्पेचे ओर्हुए पहिले म्हणजे निवृत्त मेजर जनरल फेलिक्स मुजाकपेरुओ. १९९९ मध्ये सिएरा लिओनमध्ये यादवी चालू असताना तिथल्या पश्चिम आफ्रिकी शांतिसेनेचं सेनापतिपद त्यांच्याकडे होतं. उमियाघ्वा-अब्राकाचे ओव्हिये हवाई दलातून एअर व्हाइस मार्शल म्हणून निवृत्त झालेले. निवड करणाऱ्यांचा हिशेब उघड आहे. राजधानी अबुजात ज्याचा फोन उचलला जातो, असा माणूस राजा म्हणून उपयोगाचा. पण आयुष्यभर हुकूम सोडलेल्या सेनापतीला आता ओतोतामार्फत बोलायचं असतं, आणि वडीलधारी मंडळी एकमताला येईपर्यंत बसून राहायचं असतं.

रोजचं काम काय? सगळ्यात जास्त जमिनीचे तंटे. कोणाच्या आज्याने कोणाला कसायला दिलेला तुकडा, दोन गावांमधली शीव, वारसांची भांडणं. मग सोयरिकी आणि काडीमोड, चेटकाचे आरोप, तरुणांच्या टोळक्यांच्या तक्रारी. दोन्ही बाजू ऐकायच्या, वडीलधाऱ्यांना बोलू द्यायचं आणि शेवटी दोघांनाही घरी जाऊन सांगता येईल असा निर्णय द्यायचा. न पटलं तर कोर्टाचा रस्ता मोकळा आहे. पोलीस राजाचे नाहीत, तुरुंग राजाचा नाही. लोक ऐकतात ते लाजेकाजेस्तव आणि शपथेच्या भीतीने. बहुतेक ओव्हिये ख्रिस्ती आहेत, रविवारी चर्चमध्ये जातात आणि पूर्वजांच्या देव्हाऱ्याचे विधीही पार पडताना बघतात. काही धर्मगुरूंना हे खटकतं. राजाला दोन्ही सांभाळावं लागतं.

देशाच्या १९९९च्या राज्यघटनेने पारंपरिक राजांना कारभारात कोणतीही जागा दिलेली नाही. १९७८च्या जमीनविषयक कायद्याने राज्यातली जमीन राज्यपालाच्या ताब्यात गेली, म्हणजे ज्या जमिनीचा विश्वस्त म्हणून ओव्हियेचा मान, तिच्यावरचा कायदेशीर हक्कच सरकला. भारतात संस्थानिकांचे तनखे १९७१ साली बंद झाले. नायजेरियात उलट स्थानिक सरकारांच्या निधीतला हिस्सा पारंपरिक मंडळांकडे वळवला जातो. पैसा सरकारचा, मान लोकांचा, आणि दोघांच्या अपेक्षा एकमेकांविरुद्ध. काही राजे ही ओढाताण मानाच्या पदव्या वाटून भरून काढतात. परदेशात कमावलेल्या किंवा राजकारणात चढलेल्या माणसाला पदवी दिली की राजवाड्याचं छप्पर नवं होतं. यावर गावात कुजबुज होते आणि माझ्या मते ती रास्त आहे. पूर्वीही पदव्या पैशांवर मिळत, पण तो खर्च गावजेवणात जाई.

तेलाने हा पेच आणखी घट्ट केला. कंपनीला करारासाठी एक सही हवी असते आणि ती बहुधा राजवाड्यात मागितली जाते. मग नोकऱ्या कोणाला मिळाल्या, भरपाई कुठे गेली, हे प्रश्न राजाच्या दारात येतात. १९९८च्या ऑक्टोबरमध्ये इजेर्हे राज्यात पाइपलाइनमधून गळणारं पेट्रोल भरायला लोकांची झुंबड उडाली, आग लागली आणि हजारावर माणसं जळून गेली. अशा वेळी राजाकडे ना अग्निशमन दल असतं, ना चौकशीचा अधिकार.

आणि राजा व वडीलधारे कमी पडले की बायका उतरतात. १९८४ मध्ये ओघारेफेमध्ये भरपाई मिळत नाही म्हणून बायकांनी तेल कंपनीच्या केंद्राला वेढा घातला आणि पहाटे विवस्त्र होऊन उभ्या राहिल्या. आईच्या वयाच्या बाईने असं करणं हा तिथे सर्वांत भयंकर शाप. बघणाऱ्या पुरुषाचं वाटोळं होतं अशी श्रद्धा. कंपनीची माणसं पळाली, मागण्या मान्य झाल्या. दोन वर्षांनी उव्वीए राज्यातल्या एक्पानमध्ये हजारो बायकांनी तेल प्रकल्पांचे रस्ते अडवले. या दोन्ही वेळा पुढाकार राजवाड्याचा नव्हता.

राजा किती उघड्यावर असतो, हे २०२४ साली दिसलं. एवू राज्यातल्या ओकुआमा या उर्होबो गावाचा शेजारच्या ओकोलोबा या इजॉ समाजाच्या गावाशी वाद होता. १४ मार्चला त्या प्रकरणात गेलेले सतरा सैनिक ओकुआमात मारले गेले. त्यानंतर गाव उद्ध्वस्त झालं, माणसं रानात पळाली. २८ मार्चला लष्कराने आठ जणांची ‘हवे आहेत’ अशी यादी काढली, तिच्यात एवूच्या राजाचं नाव होतं. राजा स्वतःहून पोलिसांकडे हजर झाला. त्याला लष्कराच्या ताब्यात देण्यात आलं, आणि बऱ्याच मध्यस्थीनंतर एप्रिलमध्ये सोडण्यात आलं. गावाने काही केलं तर जबाबदार राजा, हे लष्कराने इंग्रजांच्याच पद्धतीने गृहीत धरलं होतं. गावाला आवरायचं साधन मात्र त्याच्या हाती कोणीच दिलेलं नव्हतं.

ओव्हिये वारला की गादी ताबडतोब भरण्याची घाई नसते. मृत्यूची अधिकृत घोषणा राज्याची परिषद आपल्या वेळेने करते, अंत्यविधी लांबतात, पुढच्या घराण्यात शाखांची बोलणी सुरू होतात. ओक्पेमध्ये एसेझी दुसऱ्यांनंतर सहा वर्षं गादी रिकामी होती, ओर्होरो पहिल्यांनंतर दोन. त्या काळातही कोला फुटतो, तंट्यांच्या बैठका होतात आणि ओक्पेचा जुना अनुभव बघता पाहुण्याला फारसा फरक जाणवू नये, कारण बोलायला ओतोता आहे आणि निकाल द्यायला एक्पाको.